सीलचं दूध आणि होल्याचं दूध: फॅट कुणाला जास्त लागते?

सीनाकाठची

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्रावर अकरा वर्षं फॅट काढते, म्हणजे दुधात किती टक्के चरबी आहे ते मोजते. आता मशीनला दूध लावलं की आकडा येतो, पण सुरुवातीची वर्षं गर्बरच्या नळीत ॲसिड घालून, नळ्या फिरवून, उजेडाकडं धरून ती पिवळी रेघ वाचलेली आहे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका आजोबांच्या पंढरपुरी म्हशीच्या दुधाला 8.4 फॅट लागली. पावती बघून आजोबांचा चेहरा फुलला. त्यांचा सातवीतला नातू कॅनला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "मावशी, जगात सगळ्यात जास्त फॅट कुणाच्या दुधाला लागती?"

मला सांगता आलं नाही. "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी येऊन शोधायला बसले, ती रात्री एक वाजेपर्यंत वाचतच राहिले.

उत्तर आहे हूडेड सील. उत्तर अटलांटिकच्या थंड समुद्रात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून ग्रीनलंडपर्यंत राहणारा सील. नराला माज आला की तो नाकावरची सैल कातडी पिशवीसारखी फुगवतो, शिवाय एका नाकपुडीतून लाल फुगा बाहेर काढतो, त्यावरून हे नाव. त्याच्या मादीच्या दुधाला फॅट लागते 60 च्या आसपास. आपल्या गाईला साडेतीन-चार, म्हशीला सहा-सात. गर्बरच्या दुधाच्या नळीवर आकडेच 10 पर्यंत असतात. बाजारच्या लोण्यात 80 टक्के फॅट असते, म्हणजे हे दूध आपल्या दुधापेक्षा लोण्याच्या जास्त जवळचं.

आणि पिल्लू ते पितं फक्त चार दिवस. एवढ्या लवकर दूध तोडणारी आई सगळ्या सस्तन प्राण्यांत दुसरी नाही. जन्मताना पिल्लू 25 किलोच्या आसपास असतं, दूध तुटतं तेव्हा 50 च्या आसपास. रोजचं सहा-सात किलो वजन! आमच्याकडं पारडू दुधावरून चाऱ्यावर यायला किती महिने जातात, ते गोठा सांभाळणाऱ्याला सांगायला नको.

हे वाचत होते तेव्हा खिडकीबाहेरच्या बंद कूलरवर होला, म्हणजे कबुतराच्या कुळातला लहान पक्षी, घरट्यात बसला होता. पुस्तकात ज्याला छोटा तपकिरी होला म्हणतात तो, गळ्याखाली तांबूस पट्टा आणि त्यावर काळे ठिपके. पोटाखाली तीन दिवसांची दोन पिल्लं. नर होता की मादी ते सांगता येत नाही, दोघं सारखेच दिसतात आणि दोघंही आळीपाळीनं बसतात. आणि मला एकदम आठवलं की होलासुद्धा पिल्लांना दूधच पाजतो. गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार होणारं दूध. नरही पाजतो, मादीही पाजते.

सकाळी काचेच्या आतून बघितलं. पिल्लू आपली चोच आईबापाच्या चोचीत पार आत घालतं, आणि मग मोठ्याची मान हापशाच्या दांड्यासारखी वर-खाली, वर-खाली होते. दोन्ही पिल्लं एकदमच, दोन बाजूंनी चोच घालून पितात. मिनिटभर चालतं. मग मोठा डोळे मिटून नुसता बसून राहतो.

हे लिहिण्यामागं आणखी एक कारण आहे. मागच्या वर्षी याच कूलरवरचं एक पिल्लू वाऱ्यानं खाली पडलं. मला वाटलं, लहान जीव आहे, दूध द्यावं. संकलनाचंच ताजं गाईचं दूध कापसाच्या वातीनं पाजलं. दोनदा त्याच्या नाकातून फेस आला. संध्याकाळी ते माझ्या हातातच गेलं. रोज शेकडो लिटर दूध तपासणारी मी, आणि कुठलं दूध कुणाचं हे मला कळलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. होल्याच्या दुधात असतं काय? सील आणि होला या दोन टोकांच्या जीवांना एवढं घट्ट दूध का लागत असेल? आणि तिसरं घरगुती: चैत्राचं ऊन मी म्हणतंय, घरच्यांना कूलर पाहिजे. काय करू?

ढाबळवाला

ताई, आमची सोलापुरात तीन पिढ्यांची कबुतरांची ढाबळ आहे, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीचं राहू द्या, पहिलीचं मी सांगतो. होल्याचं माहीत नाही पण पारव्या-कबुतराचं रोज बघतो, आणि जात एकच.

तुम्ही दूध म्हणता खरं, पण ते पातळ नसतं. म्हशीचा चीक कढवल्यावर खरवस होतो बघा, तसं फिकट पिवळं, भुसभुशीत. अंडी फुटायच्या दोन-तीन दिवस आधीपासून नर-मादी दोघांची अन्नपिशवी आतून जाड होते. हाताला लागते. पहिले तीन-चार दिवस पिल्लाच्या पोटात त्याशिवाय दुसरं काही जात नाही. मग हळूहळू भिजलेला दाणा मिसळायला लागतो, आठवड्यानंतर दाणाच जास्त.

पहिल्या आठवड्यात जोडीतलं एक मेलं तर दुसऱ्याची फार ओढाताण होते, कारण ऊब पण द्यायची आणि पोट पण भरायचं. अशा वेळी आम्ही पिल्लू त्याच वयाची पिल्लं असणाऱ्या दुसऱ्या जोडीखाली सरकवतो. ती जोडी पाजते. वय जुळलं पाहिजे, ही एकच अट. मोठ्या पिल्लांच्या आईबापाकडं दूध आटलेलं असतं, ते कोवळ्या पिल्लाला दाणा भरवतात आणि पिल्लाला तो पेलत नाही.

मागच्या वर्षीचं मनाला लावून घेऊ नका. आमच्या वडिलांनी सुद्धा नवशिके असताना गाईच्या दुधात भाकरी कुस्करून भरवली होती म्हणे. एक पण पिल्लू जगलं नाही.

कोरडवाहू

माहिती छान, पण एक हरकत नोंदवतो. होल्याचं ते दूध नव्हेच. दूध म्हणजे स्तनग्रंथीतून येणारं. पक्ष्याला सड नाहीत, कास नाही. अन्नपिशवीच्या आतल्या पेशी फुगून गळतात आणि त्याचा लगदा होतो. दिसायला सारखं म्हणून दूध म्हणायचं तर उंबराच्या चिकालाही म्हणावं लागेल. सीलच्या शेजारी त्याला बसवणं मला पटत नाही.

शाळेची_घंटा

कोरडवाहू सर, तुमचा मुद्दा शरीररचनेच्या बाजूनं बरोबर आहे. पण या गोष्टीचा इतिहास बघितलात तर मत बदलेल असं वाटतं. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, हा विषय माझ्या फार आवडीचा.

कबुतराच्या अन्नपिशवीतल्या या पदार्थाचं वर्णन लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी 1786 मध्ये केलं आणि त्याची तुलना सस्तन प्राण्यांच्या दुधाशीच केली. पुढं 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवर काम करत होते. त्या ग्रंथीतला एक पदार्थ टोचला की कबुतराची अन्नपिशवी जाड होते, आणि तोच पदार्थ सस्तन मादीला दूध आणतो, हे त्यांनी दाखवलं. त्याला नाव दिलं प्रोलॅक्टिन. त्यानंतर कितीतरी वर्षं एखाद्या नमुन्यात प्रोलॅक्टिन किती आहे हे मोजायचं तर तो कबुतराला टोचून अन्नपिशवी किती वाढली ते बघत असत.

म्हणजे गोठ्यात म्हशीच्या कासेत दूध तयार होतं त्यामागं, बर्फावर सील पाजते त्यामागं आणि ताईंच्या कूलरवर होल्याची मान हलते त्यामागं तोच संदेश आहे. अवयव वेगळा, निरोप एकच. शिवाय आईच्या चिकातून वासराला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळतात, तशी कबुतराच्या या दुधातूनही मिळतात. उंबराचा चीक पिल्लाला पाजण्यासाठी नसतो, सर. हे पिल्लासाठीच तयार होतं आणि पिल्लू मोठं झालं की थांबतं.

आता घटक. त्यात प्रथिनं सगळ्यात जास्त, त्याखालोखाल चरबी, आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज अजिबात नाही. पक्ष्यांना लॅक्टोज पचवताच येत नाही. गाईच्या दुधात ते साडेचार-पाच टक्के असतं. ताई, तुमच्या पिल्लाला बाधलं ते हेच असेल. शिवाय पातळ द्रव वातीनं पाजला की तो श्वासनलिकेत उतरतो. नाकातून फेस आला त्याचा अर्थ बहुतेक तोच. गंमत अशी की सीलच्या दुधातही लॅक्टोज नाममात्रच असतं. दोघांनी साखर वगळली. सीलनं चरबीवर भर दिला, होल्यानं प्रथिनांवर.

सीनाकाठची

मॅडम, "साखर वगळली" हे वाचून मी उठून पुन्हा खिडकीशी गेले. आमच्या केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असे दोन आकडे निघतात. एसएनएफमध्ये मोठा वाटा लॅक्टोजचा. म्हणजे सीलचं दूध आमच्याकडं आणलं तर फॅटचा आकडा छताला आणि एसएनएफमधला अर्धा हिशोब गायब.

दुसऱ्या प्रश्नावर दोन रात्री विचार करतेय. मला जे वाटतं ते मांडते, चुकलं तर सांगा.

दोघांचीही पिल्लं कच्च्या जागेवर असतात. हूडेड सील मार्चच्या उत्तरार्धात तरंगत्या बर्फाच्या लादीवर विते. ती लादी वाऱ्यानं सरकते, आपटते, दुभंगते. पिल्लू पाण्यात पडलं आणि अंगावर चरबी नसली तर संपलं. म्हणून आईनं आधीच सगळी तयारी केलेली असते. इतर कित्येक सीलच्या पिल्लांच्या अंगावर जन्मताना पांढरी लव असते, हिचं पिल्लू ती लव पोटातच टाकून निळसर-राखी कातडीनंच जन्माला येतं. आणि चार दिवसांत चरबीचं जाड पांघरूण अंगावर चढवून आई निघून जाते. त्या चार दिवसांत ती स्वतः काहीच खात नाही. वर्षभर हॅलिबट मासे, स्क्विड खाऊन साठवलेलं अंगावरचं उतरवून देते. बाप शेजारीच असतो, पण पिल्लासाठी नव्हे. दूध तुटलं की मादीशी जोडी करायला. नंतर पिल्लू एकटं, आपल्या चरबीवर दिवस काढत पोहायला आणि शिकार करायला शिकतं. शिकवणारं कुणी नाही.

आता कूलरवरचं घरटं. मोजून सांगते, काड्या पंचवीस-तीस. खालून बघितलं तर फटीतून अंडी दिसायची. आणलेल्या काडीतली एक खाली पडली तर होला उचलायलाही येत नाही. अशा घरट्यात जास्त दिवस राहणं धोक्याचं, कावळा आहे, मांजर आहे, वळवाचा वारा आहे. अंडी तेरा-चौदा दिवसांत फुटतात आणि पिल्लं जेमतेम दोन आठवड्यांत उडतात. घाई दोघांनाही आहे, आणि घाई असली की दूध घट्ट पाहिजे.

पण खर्च कोण करतं यात फरक आहे, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. सीलची आई एकटी, साठवलेल्यातून, एकदम देते. होल्याकडं साठवायला अंगच नाही, सगळा पक्षी शंभर ग्रॅमच्या आसपास. तो रोज कमावतो, रोज देतो, आणि दोघं मिळून देतात. आमच्या खळ्यावरची सांडलेली मालदांडी ज्वारी टिपून जातो, तीच रात्रीतून दूध होते. मालदांडीचं दूध म्हणा की.

उजनीकर

वा, काय धागा निघालाय. मी दर हिवाळ्यात भिगवण-करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला जातो. भर घालतो: आपल्याकडं येणारे रोहित म्हणजे फ्लेमिंगो, तेही पिल्लांना असंच दूध पाजतात, नर आणि मादी दोघं. त्यांचं दूध लाल असतं, खाण्यातून आलेल्या रंगामुळं. उजनीवर ते दिसायचं नाही, कारण ते इथं वीण करत नाहीत, कच्छच्या रणात करतात. तिसरा एम्परर पेंग्विन: मादी समुद्रातून परतायच्या आधी पिल्लू बाहेर आलं तर उपाशी नर त्याला घशातून असाच पदार्थ देतो. पक्ष्यांमध्ये ही तीनच घराणी.

नान्नजचा_माळ

सीनाकाठच्या ताई, तुमच्या कच्च्या जागेच्या मुद्द्याला सीलमधूनच पुरावा आहे. हार्प सील पण तरंगत्या बर्फावरच विते, पाजते साधारण बारा दिवस. अंटार्क्टिकातली वेडेल सील मात्र किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या, न हलणाऱ्या बर्फावर विते. ती सहा-सात आठवडे पाजते. पाया पक्का तर आईला सवड. याचं एकच कारण असेल असं नाही, पण मेळ बसतो.

होल्याबद्दल मात्र घरट्यापेक्षा दुसरी गोष्ट मला मोठी वाटते. मी नान्नजच्या माळावर, अभयारण्याच्या परिसरात बरीच वर्षं हिंडतोय. माळढोकासाठी गेलो आणि होल्यांच्या प्रेमात पडलो असं म्हटलं तरी चालेल. चिमणी एरवी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या-किडेच भरवावे लागतात, कारण कोवळ्या पिल्लाला दाण्यातून लागतील तेवढी प्रथिनं मिळत नाहीत. सुगरणीचंही तसंच. त्यामुळं किडे निघाले की वीण, म्हणजे मुख्यतः पावसाळा. होला या सगळ्यातून मोकळा आहे. किड्यातून मिळणारी प्रथिनं तो स्वतःच्या गळ्यात तयार करतो. नुसतं बी आणि पाणी असलं की झालं. म्हणून आपल्या जिल्ह्यात, जिथं माळ आठ महिने वाळलेला असतो, तिथं भर उन्हाळ्यात हिवराच्या झाडावर होल्याचं घरटं सापडतं. वर्षाच्या जवळपास कुठल्याही महिन्यात सापडतं.

पाणी मात्र रोज लागतंच, कोरडं बी खातो ना. होला पाणी पितानाही बघा एकदा. कोंबडी चोच बुडवून मान वर करते, हा चोच पाण्यात ठेवून गुरासारखा ओढून पितो. डबकी आटली की लांब लांब जातो. ज्यांच्या दारात जागा आहे त्यांनी उथळ मातीचं भांडं ठेवा, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, आणि मध्ये एक दगड टाका.

बार्शीचा_बाळू

कूलरचं कुणीच बोलंना म्हणून मी बोलतो. आमच्याकडं दोन वर्षापूर्वी हीच गत झालती. आईनं स्पष्ट सांगितलं, "बाळंतीण हाय ती, कूलर लावायचा न्हाई." पंधरा दिवस समदी गच्चीवर झोपलो. आंथरुणावर पाणी शिंपडायचं आन् झोपायचं. पंधरा दिसाचाच प्रश्न हाय ताई, निघून जातो.

आन् आमी ल्हान असताना गलोलीनं व्हलं मारायचो. घरट्यात पिल्लं हायती का हे कवा बघितलंच न्हाई. आज हे समदं वाचून लई वाईट वाटलं.

शाळेची_घंटा

बाळू भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत, मी वर्गात सांगेन. होला मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे, आणि पहिल्या आठवड्यात जोडीतला एक गेला तर काय होतं ते ढाबळवाल्या दादांनी वर सांगितलंच आहे.

पडलेल्या पिल्लाबद्दल एकदा नीट लिहून ठेवते, उन्हाळ्यात हा प्रश्न घरोघरी येतो. घरटं दिसत असेल तर पिल्लू उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकतात हे खरं नाही. घरटंच मोडलं असेल तर जुन्या टोपलीत काड्या घालून ती त्याच जागेजवळ बांधा आणि लांब जा. दूध नको, पाणीही तोंडात ओतू नका. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ओंजळीत ऊब द्या, मग ठेवा. आईबाप दोघंही गेले असतील तर जवळच्या पक्षीमित्राला किंवा वनविभागाला कळवा.

कोरडवाहू

शाळेची घंटा मॅडम, प्रोलॅक्टिनचं वाचून हरकत मागं घेतो. दूध म्हणायला माझी ना नाही.

एक विचारायचं राहिलं. होला तर आपल्या अंगणात भरपूर आहे. त्या सीलची काय स्थिती?

नान्नजचा_माळ

चांगली नाही. धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो आधी असुरक्षित गटात होता, 2025 मध्ये त्याहून गंभीर अशा संकटग्रस्त गटात गेला. ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रातली त्याची संख्या 1940 च्या दशकापासून 80 टक्क्यांहून जास्त घटली. त्या निळसर पिल्लांच्या कातडीसाठी फार मोठी शिकार झाली. युरोपनं 1983 मध्ये पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली, पूर्वेकडच्या त्या समुद्रातली व्यापारी शिकार 2007 पासून बंद आहे. तरी संख्या म्हणावी तशी सावरलेली नाही. आणि वसंतातला तो तरंगता बर्फच आता पातळ होतोय, लवकर फुटतोय. चार दिवस म्हणजे चार दिवस, त्याहून कमी करायला त्या आईच्या हातात काही उरलेलं नाही.

सीनाकाठची

हे शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

आज बाराव्या दिवसाचं सांगते. बाळूदादा, आम्हीही गच्चीवर झोपतोय. सासूबाई पहिले दोन दिवस कुरकुरल्या, आता रोज सकाळी त्याच काचेशी उभ्या राहून "पाजलं का गं?" विचारतात. नान्नजच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फुटक्या माठाचा बूड ठेवलाय, मध्ये दगड टाकून. होला खरंच मान वर न करता पितो.

परवा वळवाचा वारा आला तेव्हा मागच्या वर्षीसारखंच झालं, धाकटं पिल्लू खाली पडलं. माझे हात थरथरत होते. अंगाला पिसं फुटली होती, पिसांच्या टोकांना अजून पिवळी लव चिकटलेली. छातीवरची पिशवी दाण्यांनी टम्म, बोटाला ज्वारीचे दाणे वेगळे वेगळे लागत होते. ओंजळीत धरून ऊब दिली, स्टूल लावून परत ठेवलं, आणि सगळ्यांना खिडकीपासून लांब नेलं. वीस मिनिटांनी मोठा होला आला, थोडा वेळ वायरीवर बसला, मग उतरून दोघांना भरवलं.

आज सकाळी थोरलं उडून समोरच्या सुबाभळीवर गेलं. धाकटं अजून कूलरच्या कडेवर बसून पंख झाडतंय. आजोबांच्या नातवाला केंद्रावर उत्तर सांगितलं तेव्हा त्यानं 60 हा आकडा पावतीच्या मागं लिहून घेतला, आणि संध्याकाळी पिल्लू बघायला येणार म्हणालाय.